युकुलेले शिकताना तुमचे कोणते गैरसमज होते? आणि माझ्या तारा रोज का उतरतात?

काळी_चार | ६ जुलै, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये बँकेतून निवृत्त झाले, लेकीने भेट म्हणून युकुलेले दिलं. लहानपणी गिरगावात सहा-सात वर्षं पेटी शिकले होते, त्यामुळे स्वरांची ओळख आहे, पण तंतुवाद्य हातात धरायची ही पहिलीच वेळ. तीन आठवडे झाले. रोज तासभर बसते, त्यातली वीस मिनिटं सूर लावण्यातच जातात.

दोन गोष्टी छळतायत. रात्री नीट सुरात लावून ठेवलेलं वाद्य सकाळी उतरलेलं असतं. चारही तारा, आणि प्रत्येक वेळी खालीच. दुसरी गोष्ट, वाद्य मांडीवर घेतलं की सगळ्यात वर येणारी तार बारीक आहे. भाच्याच्या गिटारवर तिथे सर्वांत जाड, खर्जातली तार असते. इथे जाड तार दुसऱ्या जागी आहे. मला वाटतं बसवणाऱ्याने तारांचा क्रम चुकवलाय. परत करायची मुदत रविवारी संपते.

वाद्यात खोट आहे का? आणि सुरुवातीला तुमचे काय काय गैरसमज होते तेही लिहा, म्हणजे पुढचे खड्डे आधीच दिसतील.

लाकूडकाम | ६ जुलै, रात्री ९:२०

परत करू नका! वाद्य अगदी बरोबर आहे. जेवून सविस्तर लिहितो.

पाऊसपाणी | ६ जुलै, रात्री ९:४१

काकू, माझंही पहिल्या महिन्यात हेच झालं होतं. मला वाटायचं खुंट्या सैल आहेत. स्क्रू पिळून पिळून एका खुंटीचा आटा घालवला.

लाकूडकाम | ६ जुलै, रात्री १०:३५

आता नीट लिहितो. मी सुतारकाम करणाऱ्या घरातला, फावल्या वेळात मोडकी तंतुवाद्यं दुरुस्त करतो.

युकुलेलेच्या तारा धातूच्या नसतात. नायलॉन किंवा तत्सम कृत्रिम धाग्याच्या असतात. नवी तार ताणली की पहिले कित्येक दिवस ती लांबतच राहते. लांबली की ताण कमी, ताण कमी की सूर खाली. म्हणून तुमच्या चारही तारा खालीच उतरतात. खुंटी घसरत असती तर एखादीच तार उतरली असती. दोन-तीन आठवडे रोज वाजवलं की तार बसते. घाई असेल तर सूर लावा, तार मधोमध बोटाने हलकेच वर खेचा, पुन्हा लावा, असं पाच-सहा वेळा करा. आणि तार नेहमी खालून वर चढवत सुरात आणा. चढली असेल तर आधी थोडी उतरवा, मग वर आणा. वरून खाली आणून थांबलात तर खुंटीतली ढील तशीच राहते आणि वाजवता वाजवता तार पुन्हा उतरते.

दुसऱ्या प्रश्नासाठी तुमची पेटी कामाला येईल. वरून खाली तारा अशा आहेत: पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन, पांढरी सहा. पांढरी एकला सा धरा: प, सा, ग, ध. यातला प हा साच्या खालचा नाही, त्याच सप्तकातला वरचा आहे. म्हणून तार बारीक. कोणी चुकवलेलं नाही, हा या वाद्याचा स्वभाव आहे. युकुलेलेचा झणकार जो हसरा वाटतो तो याच तारेमुळे. चारही स्वर एका सप्तकात दाटीवाटीने बसलेले असतात, हात वरून खाली फिरवला काय किंवा खालून वर, आवाज उजळच राहतो.

काळी_चार | ६ जुलै, रात्री १०:५२

प, सा, ग, ध! अहो, मग यात रे मिळाला की भूप रागच झाला!

लाकूडकाम | ६ जुलै, रात्री १०:५५

रे दुसऱ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर (मानेवरच्या आडव्या पट्टीवर) आहे. वाजवून बघा.

सहावा_मजला | ७ जुलै, सकाळी ७:३०

त्या पंचमाच्या तारेनेच मलाही फसवलं होतं. माझा क्लिपवाला ट्यूनर फक्त अक्षर दाखवतो, सप्तक दाखवत नाही. वरची तार खर्जातलीच असणार असं गिटारवरून डोक्यात बसलेलं, म्हणून मी ती सैल करत करत खालच्या 'जी'पर्यंत (म्हणजे खालच्या पांढरी पाचपर्यंत) आणली. ट्यूनर हिरवा झाला, मी खूश. तार मात्र वाळत घातलेल्या दोरीसारखी लोंबत होती. महिनाभर तसंच वाजवलं. प्रत्येक कॉर्डमध्ये (एकदम छेडलेल्या स्वरांच्या जुळणीत) एक फटफट आवाज यायचा, तो माझ्या बोटांचा दोष वाटायचा.

ज्यांना खालचा पंचम हवा असतो त्यांच्यासाठी वेगळी जाड तार मिळते, 'लो जी' म्हणून मागायची. तीच बारीक तार सैल करून चालत नाही.

आणखी एक: फोनवरच्या ट्यूनरमध्ये आधी युकुलेले निवडलंय का ते बघा. माझ्या शेजाऱ्याने गिटारवर ठेवून लावायला घेतलं आणि पहिल्या दिवशीच तार तोडली.

बोरिवली_स्लो | ७ जुलै, सकाळी ९:०५

लोकलमधून लिहितोय, चुका पोटात घाला.

माझा गैरसमज: "चार तारा, म्हणजे गिटारपेक्षा सोपं, आठवड्यात येईल." पहिल्या दिवशी खरंच येतं! सी कॉर्डला एक बोट, ए मायनरला एक बोट, एफला दोन. एकाच संध्याकाळी तीन कॉर्ड. मी घरच्यांना बोलावून ऐकवलं. मग आला जी. तीन बोटं, त्रिकोणात, आणि गाणं थांबू न देता तिथे पोहोचायचं. त्या एका कॉर्डवर मी पाच आठवडे होतो. त्या पाच आठवड्यांत वाद्य दोनदा माळ्यावर गेलं आणि दोनदा खाली आलं.

नवशिके वाद्य सोडतात ते बहुतेक याच टप्प्यावर, असं मला मनापासून वाटतं. पहिल्या दिवसाने लावलेली आशा दुसरा महिना पुरी करत नाही. कोणी आधी सांगितलं असतं की सुरुवात सोपी आहे आणि मध्ये एक घाट आहे, तर मी इतका खट्टू झालो नसतो.

उपयोग झाला तो याचा: घड्याळ लावून एक मिनिट फक्त दोन कॉर्डमध्ये ये-जा, सी ते जी, जी ते सी. छेडायचंही नाही, नुसती बोटं. रोज आकडा लिहायचा. ९ पासून सुरू झालो, ४० झाले तेव्हा गाणं आपोआप चालू लागलं. ए मायनरवरून एफला जाताना मधलं बोट उचलूच नका, फक्त तर्जनी टेकवा. बोटं उचलण्यातच निम्मा वेळ वाया जातो.

अंधेरी आली, बाकी नंतर.

तबलजी | ७ जुलै, दुपारी १:१५

सगळे डाव्या हाताबद्दल बोलतायत. नवशिक्यांचा सर्वांत मोठा गैरसमज उजव्या हाताबद्दल असतो.

लोक बाणांची चित्रं पाठ करतात: खाली, खाली-वर, वर-खाली-वर. आणि बाणात जिथे रिकामी जागा असते तिथे हात थांबवतात. हात थांबला की लय मेली. हात झोपाळ्यासारखा सतत खाली-वर चालू राहिला पाहिजे. तारेला स्पर्श करायचा की नुसतं वरून जायचं, एवढंच ठरवायचं. तबल्यात खाली भरीत मात्रा थांबत नाही, तसंच.

आपल्याकडे यासाठी बाणांची गरजच नाही. केरवा म्हणा: धा गे ना ती न क धी न. आठ मात्रा, चार वेळा हात खाली, चार वेळा वर. दादरा म्हणा: धा धी ना धा ती ना. सहा मात्रा. तोंडाने बोल चालू ठेवा, हात आपसूक मागे येतो. माझ्या पुतणीला मी असंच शिकवलं, कॉर्ड येण्याआधी. डाव्या तळव्याने तारा नुसत्या दाबून धरायच्या आणि उजव्याने केरवा.

छेडायचं कुठे हाही प्रश्न असतो. गिटारसारखं भोकावर नाही, मान जिथे वाद्याच्या पोटाला मिळते तिथे, तर्जनीच्या नखाने. प्लास्टिकची पिक लागत नाही.

काळी_चार | ७ जुलै, दुपारी ३:४०

तबलजी, हे तर घरातलंच निघालं. आज दुपारी तारा दाबून नुसता दादरा वाजवला. स्वयंपाकघरातून सासूबाईंनी "धा धी ना" म्हणत साथ दिली. त्या ८१ वर्षांच्या आहेत.

निषाद | ७ जुलै, रात्री ८:२०

थोडा वेगळा सूर लावतो. वर भूप वगैरे उल्लेख झाला म्हणून. पक्के पडदे, झटकन विरणारा आवाज आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) जवळजवळ नाही. अशा वाद्यावर राग वाजतो असं नवशिक्याला सांगणं हाही एक गैरसमजच पसरवणं आहे. भूपाचे पाच स्वर वाजवले म्हणजे भूप झाला नाही. तेच पाच स्वर देशकार रागातही आहेत.

तबलजी | ७ जुलै, रात्री ८:४५

निषाद, मुद्दा खरा, पण हीच तक्रार पेटीवरही होती. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला बंदी घातली ती १९७१ पर्यंत. कारण हेच, मींड नाही, श्रुती नाहीत. तरी आपल्या घराघरांत सरगम पेटीवरच शिकली गेली.

निषाद | ७ जुलै, रात्री ९:३०

पेटी साथीला होती, तिचा आवाज तरी टिकतो. युकुलेलेचा स्वर दोन क्षणांत संपतो. आलाप कसा करणार? माझा विरोध वाद्याला नाही. हवाईच्या जेक शिमाबुकुरोंचं वादन मी तासन्‌तास ऐकतो; चार तारांत ते काय करतात ते ऐकून थक्क व्हायला होतं. पण ते त्या वाद्याला जे जमतं ते करतात. आपणही तेच करावं. स्वरओळख, सुगम संगीत, बालगीतं, भजनाची साथ.

काळी_चार | ७ जुलै, रात्री ९:४८

निषादजी, पटलं. राग गाण्यात शोधेन, इथे स्वर घोटेन.

वसईकर | ८ जुलै, सकाळी ६:५०

मी चर्चच्या गायनवृंदात बत्तीस वर्षं गिटार वाजवतोय. गिटारवाल्यांचा गैरसमज सांगतो, कारण तो माझाच होता: "हे तर गिटारचंच पिल्लू, दोन तारा कमी."

हिशोबाने बघितलं तर नातं आहे. गिटारच्या खालच्या चार तारांवर पाचव्या पडद्याला कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावला की तेच स्वर मिळतात, फक्त पंचमाची तार एक सप्तक खाली. त्यामुळे गिटारचा डी इथे जी होतो, गिटारचा जी इथे सी. गिटार येत असेल त्याला बोटं लगेच सापडतात. पण मी पहिले सहा महिने गिटारसारखंच वाजवलं, अंगठ्याने खर्ज शोधत. इथे खर्ज नाहीच! ज्या दिवशी तो शोधणं सोडलं त्या दिवशी युकुलेले वाजू लागलं.

उलटही ऐकतो: "आधी युकुलेले शिक, मग गिटार सोपी जाईल." लय आणि कॉर्ड बदलण्याची सवय जरूर उपयोगी पडते, पण गिटारच्या धातूच्या तारा आणि रुंद मान नव्यानेच शिकावी लागते. गिटार शिकायची असेल तर सरळ गिटार घ्या.

आणि मूळ गिटारचं नाही, मदेरा बेटावरच्या 'मशेत' नावाच्या छोट्या पोर्तुगीज वाद्याचं आहे. १८७९ च्या ऑगस्टमध्ये 'रेव्हन्सक्रॅग' नावाचं जहाज मदेराहून होनोलुलूला लागलं, उसाच्या मळ्यांवर काम करायला माणसं घेऊन. त्यात लाकूडकाम जाणणारे तिघे होते, मॅन्युएल नुनेस, ऑगस्टो डायस आणि जोझे दो एस्पिरितो सान्तो. त्यांनी तिथे ही वाद्यं बनवायला सुरुवात केली. आमच्या वसईत पोर्तुगीज १७३९ पर्यंत होते, त्यामुळे ही नावं वाचताना मला आमच्या गावातल्या घरांवरच्या पाट्याच आठवतात.

सहावा_मजला | ८ जुलै, सकाळी ८:१०

वसईकर, यात मुंबईचाही धागा आहे! हवाईचा राजा कालाकाउआ या वाद्याचा मोठा चाहता, दरबारात त्यानेच त्याला मान मिळवून दिला. तोच राजा १८८१ साली जगप्रवासाला निघाला तेव्हा मुंबईत येऊन गेला होता.

पाऊसपाणी | ८ जुलै, सकाळी ८:४०

अवांतर: 'युकुलेली' म्हणायचं की 'युकुलेले'? आणि तो, ती की ते? आमच्या कॉलेजात यावरून दोन गट आहेत.

सहावा_मजला | ८ जुलै, सकाळी ८:५५

हवाईयन उच्चार 'उकुलेले'. उकु म्हणजे पिसू, लेले म्हणजे उडी मारणं. बोटं इतकी भराभर उड्या मारतात म्हणून, असं म्हणतात. राणी लिलिउओकलानी मात्र 'इथे आलेली भेट' असा अर्थ सांगायची. मला तोच आवडतो.

बोरिवली_स्लो | ८ जुलै, सकाळी ९:१०

वाद्य म्हणून ते, सतारीची धाकटी बहीण म्हणून ती, आणि सूर लागत नसेल त्या दिवशी 'तो' :)

पाऊसपाणी | ८ जुलै, दुपारी १२:२५

आता माझे गैरसमज. एक म्हणजे आकारांची नावं. सोप्रानो, कॉन्सर्ट, टेनर, बॅरिटोन. मला वाटलं गायकांसारखं असेल, मुलींनी सोप्रानो घ्यायचं, मुलग्यांनी टेनर. म्हणून मी डोळे मिटून सोप्रानो घेतलं. नंतर कळलं की हे फक्त आकार आहेत. सोप्रानो साधारण २१ इंच, कॉन्सर्ट २३, टेनर २६, बॅरिटोन ३०. पहिल्या तिन्हींचं स्वरमेलन (तारा लावायचे स्वर) तेच असतं. बॅरिटोनचं वेगळं, गिटारच्या शेवटच्या चार तारांसारखं, म्हणून त्यावर सी कॉर्डचं चित्र बघून बोटं ठेवली की भलतंच वाजतं. माझी बोटं लांब आहेत, मला कॉन्सर्ट बरं पडलं असतं.

दुसरा गैरसमज महागात पडला. आवाज मोठा हवा म्हणून मी धातूच्या तारा बसवल्या. चौथ्या दिवशी घोडी (तारा जिला बांधतात ती पट्टी) उखडून आली, वरची फळी सोलून घेऊन. रात्री दोनला फाडकन आवाज झाला. आई उठून आली, आम्ही दोघी नुसत्या त्याच्याकडे बघत बसलो. मला खूप रडू आलं होतं, कारण ते पहिल्या पगाराचं होतं.

लाकूडकाम | ८ जुलै, दुपारी २:००

पाऊसपाणी, वाचून वाईट वाटलं. पण ती घोडी पुन्हा बसवता येते. फळीचा सोललेला तुकडा टाकला नसेल तर सांगा, मी चिकटवून देईन, पैसे नकोत.

बाकीच्यांसाठी: धातूच्या तारांचा ताण नायलॉनपेक्षा पुष्कळ जास्त. युकुलेलेची फळी मुद्दाम पातळ ठेवलेली असते, तिला तो पेलत नाही.

पावसाचंही सांगून टाकतो. "भरीव लाकडाचं घेतलं की झालं" हा समज मुंबईत फार नुकसान करतो. भरीव लाकडाचा आवाज सुंदर असतो यात शंका नाही. हवाईत कोआ नावाचं लाकूड वापरतात, आपल्या बाभळीच्या नात्यातलं. पण भरीव लाकूड जुलैत पापडासारखं सादळतं. फळी फुगते, घोडी वर उचलली जाते, तारा पडद्यांपासून लांब जातात आणि दाबायला जड होतात. मग माणूस म्हणतो माझ्या बोटांत जोर नाही. समुद्राजवळ राहणाऱ्या नवशिक्याने थरांच्या लाकडाचं घ्यावं, ते हवामान सोसतं. वाद्य भिंतीला टांगू नका. पावसात आपल्या भिंती ओल्या असतात. पिशवीत ठेवा, बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. आणि मे महिन्यात बंद गाडीत कधीही ठेवू नका, सरस सुटतो.

बोरिवली_स्लो | ८ जुलै, रात्री ७:२०

माझी बोटं जाड आहेत. डी कॉर्डला दुसऱ्या पडद्यावर तीन बोटं एका ओळीत मावतच नाहीत. "जाड बोटांच्या माणसाने सोप्रानोच्या नादी लागू नये" असं मला एका शिकवणीत ऐकवलं होतं. फार लागलं होतं ते.

वसईकर | ८ जुलै, रात्री ७:५५

बोरिवलीकर, हवाईचे इझ्रायल कामाकाविवोओले आठवा. केवढा धिप्पाड माणूस, हातात इवलंसं युकुलेले, आणि काय कोमल वाजायचं! बोटांच्या जाडीने अडत नाही.

डीसाठी तर्जनी मोकळी ठेवा. मधलं, अनामिका, करंगळी वापरून बघा, हात थोडा तिरका. नाही जमलं तर मधल्या बोटाने दोन तारा एकदम दाबा आणि अनामिकेने तिसरी. ई कॉर्डच्या वाटेला सध्या जाऊच नका, बऱ्याच गाण्यांत ई-सेव्हन चालून जातो.

सहावा_मजला | ८ जुलै, रात्री ८:३०

दाबण्याबद्दलही. मला वाटायचं जितकं जोरात दाबू तितका स्वर स्वच्छ. उलट जोराने तार ताणली जाऊन स्वर चढतो. सूर नीट लावूनही कॉर्ड बेसूर वाटते त्याचं कारण बऱ्याचदा हेच. बोट पडद्याच्या अगदी मागे, घोडीच्या बाजूचा पडदा बोटाला लागून, असं ठेवलं की हलका दाब पुरतो.

लाकूडकाम | ८ जुलै, रात्री ८:५०

बरोबर. पण कधी दोष वाद्याचाही असतो. काळी_चार ताई, परत करायचं की नाही हे ठरवायला ही परीक्षा करा. तार मोकळी वाजवा, मग बाराव्या पडद्यावर हलके दाबून वाजवा. तोच स्वर वरच्या सप्तकात यायला हवा. चारही तारांवर बघा. मग पहिल्या पडद्यावर दाबून पेटीशी ताडा. फक्त तिथेच स्वर चढत असेल तर मानेच्या टोकाची खाच उंच आहे, ती पाच मिनिटांत घासून मिळते. बारावा पडदा स्पष्ट चुकत असेल तर मात्र खुशाल बदलून घ्या. नवशिक्याने बेसूर वाद्यावर कान बिघडवू नये. रोज तार उतरते हे परत करण्याचं कारण नव्हे.

काळी_चार | ९ जुलै, संध्याकाळी ६:१५

पेटी काढली, धूळ पुसली, भाता अजून दम धरतो. चारही तारा बाराव्या पडद्यावर बरोबर जुळल्या. पहिल्या पडद्यावर दुसरी तार किंचित चढते.

एक राहिलंय. माझी गाण्याची पट्टी काळी चार. युकुलेलेवर सगळी गाणी पांढरी एकात सांगतात, तिथे माझा आवाज नीट बसत नाही. म्हणजे मला गाऊन वाजवता येणार नाही का?

वसईकर | ९ जुलै, संध्याकाळी ७:०५

येणार! छोटा कॅपो घ्या, धोबीतलावला फुर्टाडोजमध्ये मिळेल. पहिल्या पडद्यावर लावा आणि जी, सी, डी-सेव्हन याच आकृत्या वाजवा. सा काळी चारवर येईल. वाद्याच्या पट्टीत गळा कोंबायचा नाही, वाद्याला गळ्यापाशी आणायचं.

निषाद | ९ जुलै, रात्री ८:००

शंभर टक्के सहमत. आणि गाताना सा आधी गळ्यात घ्या, मग वाजवा.

काळी_चार | २८ जुलै, रात्री १०:१०

धागा वर काढतेय. वाद्य परत केलं नाही. लाकूडकाम दादांनी खाच घासून दिली, पाऊसपाणीचं वाद्यही त्याच दिवशी त्यांच्याकडे आलं होतं, घोडी बसली आहे. तारा आता तीन-चार दिवस सूर धरतात, बाहेर एवढा पाऊस असूनही.

जी कॉर्ड एका मिनिटात १७ वेळा. आज सासूबाईंनी दादऱ्याचे बोल धरले आणि मी काळी चारमध्ये एक जुनं भजन पूर्ण म्हटलं, दोन जागी अडखळून. सासूबाईंनी ते पुन्हा म्हणायला लावलं.

उद्यापासून डी. मधलं, अनामिका, करंगळी.

बोरिवली_स्लो | २८ जुलै, रात्री १०:३१

१७! माझे तिसऱ्या आठवड्यात १२ होते. डीचे आकडे इथेच टाकत जा, मीही टाकतो.